साक्ष द्यायला उभा राहिलो नाही

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत जुनी आहे. उपासना संपत आली की पाळक विचारतात, कुणाला प्रभूची साक्ष द्यायची आहे का? मग कुणीतरी खाकरत उठतं. बहुतेक साक्षी एकाच साच्यातल्या. पूर्वी दारू प्यायचो, बायकोला मारायचो, मटका खेळायचो. अमुक साली अमुक सभेत हात वर केला, प्रभूने स्पर्श केला आणि त्या दिवसापासून आजतागायत थेंबाला शिवलो नाही. मागच्या बाकांवरून ‘आमेन’ येतं. संडे स्कूल सुटल्यावर आम्ही पोरं मुद्दाम या साक्षी ऐकायला थांबायचो, कारण त्यांत मारामाऱ्या असायच्या. अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यातल्या काहींची दारू खरोखर एका रात्रीत सुटली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझ्याकडे मात्र तशी साक्ष नाही. मध्यंतरी पुरुषांच्या एका शिबिरात ‘देहवासनेवर विजय’ असा विषय ठेवला होता. बँकेतला निवृत्त अधिकारी, मंडळीचा जुना पंच, बऱ्यापैकी गाणारा, वयाने पिकलेला, म्हणून आयोजकांनी मला बोलायला सांगितलं. मी नकार दिला. विषयावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं, विजय तेवढा नव्हता. जे आहे ते इथे लिहितो.

नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेला माणूस सहसा एकटा नसतो. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं मांडलं, आणि तेव्हापासूनची घराणी आता एकमेकांची व्याही, साडू, मावसभाऊ झालेली. रस्त्याने चाललं की चार ठिकाणी ‘सलाम’ म्हणावं लागतं. तुम्ही कुठे गेलात, कुणाबरोबर चहा प्यायलात, हे तुमच्या आधी घरी पोचतं. तरुणपणी या पहाऱ्याचा मला मनस्वी कंटाळा यायचा. माझी नीतिमत्ता किती माझी होती आणि किती त्या पहाऱ्याची, हे पुढे माझी बदली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली तेव्हा कळलं. हिची शाळा नगरला, मुलगा पुण्याला शिकायला, त्यामुळे मी एकटाच गेलो. त्या गावात ना चर्च, ना कुणी ओळखीचं. एका शेतकऱ्याच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली आणि डबा लावला. संध्याकाळी साडेसातला डबा यायचा. आठला जेवण संपायचं. त्यानंतर रात्र पडलेली असायची, लांबच लांब.

२०१६ साल होतं. त्या सप्टेंबरात फुकट डेटाचं सिमकार्ड आलं आणि आमच्या शाखेतल्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी रांग लावून ते घेतलं. आधी मी त्यावर जुनी नाट्यगीतं ऐकली, कीर्तनं ऐकली, मुलाला व्हिडिओ कॉल केले. मग एका रात्री दुसरंच काही समोर आलं. ते आपोआप आलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. काय पाहिलं त्याचं वर्णन करायची गरज नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंच आहे. आमच्या पिढीला अशा गोष्टीसाठी पूर्वी कुठल्या तरी टपरीवर तोंड लपवून जावं लागे, आणि तोंड दिसण्याच्या भीतीनेच निम्मे लोक वाचत. आता तोंड दिसायचा प्रश्नच उरला नव्हता.

याने कुणाचं काय बिघडतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, सुशिक्षित आणि समंजस म्हणवणारेही. माझं काय बिघडलं ते सांगतो. झोप बिघडली, ते एक झालं. त्याहून वाईट म्हणजे नजर बिघडली. शाखेत बचत गटाच्या बायका यायच्या. कर्जाचे कागद पुढे सरकवताना ‘साहेब, इथं अंगठा का तिथं?’ असं विचारायच्या, आणि माझी नजर जिथे असायला हवी तिथे नसायची. त्यांना ते कळत असणार. बायकांना ते कळतंच. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात डोळ्यांनी होणाऱ्या व्यभिचाराबद्दल सांगितलं आहे. मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं आणि नेहमी थोडं जास्तच कडक वाटलं होतं. त्या काउंटरवर बसून ते अगदी साधं निरीक्षण वाटायला लागलं. पडद्यावर पाहिलेलं पडद्यावर राहत नाही, एवढंच ते होतं.

मग मी सुटण्याचे उपाय सुरू केले. शपथा घेतल्या. बायबलवर हात ठेवून घेतल्या. ३१ डिसेंबरच्या रात्री नगरच्या चर्चमध्ये, जुन्या वर्षाला निरोप देण्याच्या उपासनेत, बाराच्या ठोक्याला गुडघ्यांवर असताना घेतल्या. शनिवारी उपास केला. इतिहास पुसला, फोन बदलला, साधा बटणांचा फोन आणला आणि बँकेच्या ओटीपीचं निमित्त काढून परत मोठा घेतला. प्रत्येक शपथेत जोर होता, अश्रू होते आणि तारीख होती. मोडली की मी प्रार्थनाच बंद करायचो. तोंड कुठल्या तोंडाने दाखवणार? चार दिवस, आठ दिवस जाऊ द्यायचे, आतली घाण जरा निवळली असं वाटलं की मग पुन्हा देवापुढे जायचं, चांगले कपडे घालून गेल्यासारखं. एदेन बागेत आदाम झाडामागे लपला ती गोष्ट मी संडे स्कूलमध्ये मुलांना रंगवून शिकवली होती.

आमच्या शाखेत वसईचा एक कॅथलिक सहकारी होता. दर महिन्याला घरी गेला की तो कन्फेशनला जायचा आणि हे असं सांगायचा जसा एखादा दाढी करून आल्याचं सांगतो. मी त्याची चेष्टा करायचो. आम्हा प्रोटेस्टंटांना शिकवलेलं असतं की देव आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, बाकी कुणाच्या कानाची गरज नाही. तत्त्व म्हणून मला ते आजही मान्य आहे. पण व्यवहारात त्याचं काय होतं? प्रभुभोजनाच्या रविवारी आम्ही सगळे मिळून एका सुरात छापील पापकबुली वाचतो. तीत सगळ्यांची सगळी पापं येतात आणि म्हणूनच कुणाचंच एकही येत नाही. वसईकराची चेष्टा करता करता मला त्याचा हेवा वाटायला लागला. याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच म्हटलंय की आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा. ते वाक्य आमच्याही बायबलात आहे.

शेवटी मी एका निवृत्त पाळकांकडे गेलो. लहानपणी त्यांनीच माझी स्थिरीकरणाची तयारी करून घेतली होती. ऐंशीच्या पुढचे, कान थोडे कमी, त्यामुळे मला ती गोष्ट मोठ्या आवाजात सांगावी लागली, आणि आत त्यांची सून भाजी चिरत होती! मला वाटलं होतं, ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील किंवा दु:खी होतील. त्यांनी विचारलं, “रात्री आठ ते अकरा तू काय करतोस?”

मी म्हटलं, “काही नाही, साहेब.”

“तेच तर.” मग म्हणाले, “दाविदाची गोष्ट सांग मला.”

मी बथशेबेची गोष्ट सांगायला लागलो, गच्ची, आंघोळ वगैरे. त्यांनी थांबवलं. “त्याच्या आधीचं सांग.” आधीचं मला आठवेना. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला अकरावा अध्याय त्यांनी काढून दिला. राजे लढाईवर जातात तो ऋतू होता, सैन्य गेलं होतं, आणि दावीद यरुशलेमेतच राहिला होता. संध्याकाळी तो बिछान्यावरून उठला आणि गच्चीत फेऱ्या मारायला लागला. संध्याकाळी बिछान्यावरून! “पाप बाईपासून सुरू होत नाही, रिकाम्या दुपारपासून होतं,” असं म्हणून ते हसले. मग शपथांबद्दल विचारलं. मी यादी सांगितली. त्यावर ते जे बोलले तेवढं मात्र मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. “तू दर वेळी देवाला साक्षीदार म्हणून उभा करतोस. शपथ तुझी, जोर तुझा, मोडली की गुन्हाही तुझा. त्याला मदतीला कधी बोलावलंस?”

मी म्हटलं, रोज सकाळी बोलावतो. ते म्हणाले, सकाळी तुला मदत कशाला लागते?

त्यांनी पुण्याला चर्चच्या इतिहासाचा अभ्यास केलेला होता, आणि त्या दिवशी चहा गार होईपर्यंत ते मला चौथ्या-पाचव्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात फिरवत राहिले. तिथले संन्यासी संसार सोडून गेले, खायला भाकरतुकडा आणि मीठ, बाईचं दर्शन नाही, आणि तरी वासना त्यांच्या आधी तिथे पोचलेली. त्यांनी तिचा अभ्यास केला. इव्हाग्रियस नावाच्या एकाने तर कुठला विचार मनात आला की त्याला पवित्र शास्त्रातलं कुठलं वचन उत्तर म्हणून द्यायचं, याचं पुस्तकच रचलं. येशूनेही रानात सैतानाला तिन्ही उत्तरं अनुवादाच्या पुस्तकातूनच दिली होती. जॉन कॅशियनने त्या संन्याशांकडून एक गोष्ट शिकून युरोपात नेली. लांब प्रार्थना नकोच; सत्तराव्या स्तोत्राच्या सुरुवातीची, देवाला घाईने मदतीला बोलावणारी एक ओळ, तीच जेवताना, झोपताना, मोह आला असताना म्हणत राहायची. ही कल्पना मला परकी वाटली नाही. धावा करणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मी आजवर देवाची स्तुती केली होती, त्याच्याकडे क्षमा मागितली होती, कर्जाचे अर्ज करतात तशा विनंत्या केल्या होत्या. धावा केला नव्हता. धावा करायला आधी बुडत असल्याचं कबूल करावं लागतं, आणि ते नेमक्या बुडण्याच्या वेळी.

पहिल्यांदा केला ती रात्र लक्षात आहे, कारण त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला होता. २०१७चा हिवाळा. दिवसभर लोक हातात किडकी बोंडं घेऊन शाखेत येत होते आणि मी त्यांना पंचनाम्याचं सांगत होतो. थकून, चिडून खोलीवर आलो. जेवलो. हात फोनकडे गेला. फोन हातात असतानाच, डोळे उघडे ठेवून, मोठ्याने म्हटलं, “प्रभू, आत्ता ये.” आवाज खोलीत विचित्र वाटला. हसू आलं. अशा अवस्थेत देवाशी बोलणं म्हणजे बेअदबी, असंही वाटलं. पुन्हा म्हटलं.

झालं काहीच नाही. अंगावर काटा नाही, उजेड नाही, वासनाही गेली नाही. ती होती तिथेच होती. फरक इतकाच पडला की खोलीत आता मी एकटा नव्हतो आणि हे मला नाकारता येत नव्हतं. कुणाशी तरी बोलत असताना त्याच्यादेखत ते करणं जमेना. मी उठलो, फोन तसाच ठेवला आणि खाली ओट्यावर गेलो. घरमालक बिडी ओढत बसले होते. “या साहेब,” म्हणाले, आणि पुढचा तासभर बोंडअळी, बियाण्याच्या कंपन्या, जावयाने काढलेली विहीर आणि आमच्या बँकेचं व्याज या विषयांवर बोलले. मी हुंकार देत होतो. वर आलो तेव्हा झोप येत होती. देव मदतीला येतो तो कुठल्या रूपाने, यावर मी पूर्वी भक्तिगीतं म्हटली आहेत. बिडीच्या वासासकट येईल असं त्यांत कुठे नव्हतं.

तेव्हापासून मी त्या ओट्यावर बसायला लागलो. योसेफाची गोष्ट आहे ना, पोटीफरच्या बायकोने अंगरखा धरला तेव्हा तो तिच्या हातात सोडून पळाला. त्याने तिथे उभं राहून मनोनिग्रह केला नाही. मोहाशी झुंजण्याची आपल्याला फार हौस असते, त्यात मर्दुमकी वाटते. पळून जाण्यात ती नाही, पण उत्पत्तीच्या पुस्तकात त्या प्रसंगी दुसरं काही सांगितलेलं नाही.

२०१८च्या ऑक्टोबरात सरकारने ८२७ अश्लील संकेतस्थळं बंद करायचा आदेश काढला. आमच्या मंडळीच्या ग्रुपवर कुणीतरी हात जोडलेली चित्रं टाकली. काही आठवड्यांत तीच दुकानं नव्या नावांनी उघडली. मला त्यात नवल वाटलं नाही. शपथांचा अनुभव होता.

हिला सांगायचं राहिलं होतं. पाळकसाहेबांना सांगून हलकं वाटलं होतं, तसंच इथेही वाटेल अशी माझी समजूत. एका सुट्टीत, मुलगा झोपल्यावर, सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अहो, हे तुम्ही मला माझ्यासाठी सांगताय, की तुमचं ओझं उतरावं म्हणून?” मला उत्तर देता आलं नाही. त्या सुट्टीत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. या विषयावर लिहिणारे लोक ‘जोडीदाराला विश्वासात घ्या’ असं एका ओळीत लिहून पुढे जातात. त्या ओळीच्या आत काय काय असतं ते त्यांना ठाऊक नसावं. तिने माफ केलं, पण हळूहळू. नंतर रात्री दहाला फोनवर एकत्र प्रार्थना करायची प्रथा तिनेच सुरू केली. ती एक स्तोत्र वाचायची, मी ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणायचो आणि मग ती विचारायची, “आता झोपणार ना?” त्या प्रश्नात काय काय आहे ते दोघांनाही कळायचं.

२०२०च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला तेव्हा मी तिकडेच अडकलो, बँका चालू होत्या. चर्चं बंद. उपासना फोनवर आली. ज्या काचेवर नको ते पाहिलं त्याच काचेवर रविवारी सकाळी पाळक आशीर्वाद देताना दिसायचे. ओटाही बंद, घरमालक मास्क लावून आत. तो काळ फार जड गेला, आणि काही रात्री हरलोही. एवढं मात्र शिकलो होतो की हरल्यावर आठ दिवस झाडामागे लपायचं नाही. त्याच रात्री, तशाच तोंडाने, पुन्हा हाक मारायची. शपथांच्या दिवसांत आणि या दिवसांत माझ्या हिशेबी मोठा फरक आहे तो हाच. बाहेरच्या कुणाला तो दिसणारही नाही.

वासना का जात नाही, हा प्रश्न मी पुष्कळदा विचारला आहे. आमच्याकडे काही उपदेशक ‘सुटकेच्या सभा’ घेतात. तिथे वासनेचा आत्मा हाकलला जातो आणि नाही गेला तर तुमचा विश्वास कमी पडला असं ठरतं. मला हे क्रूर वाटतं, आणि शास्त्राला धरूनही वाटत नाही. पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. ऑगस्टीनचं मनपरिवर्तन ३८६ साली मिलानमधल्या बागेत झालं, ते सगळे सांगतात. पण ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात, बिशप झाल्यानंतर, तो लिहितो की जुन्या चित्रांचा पगडा स्वप्नात अजून चालतो. हे कुणी सांगत नाही. आपल्याच टिळकांचं पाहा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा मोठा भक्त. त्याचा तापट स्वभाव पाण्याबरोबर वाहून गेला नाही, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लपवलेलं नाही. त्यांची भजनं म्हणताना मला ते आठवतं, आणि भजन कमी गोड लागत नाही.

पाळकसाहेबांनी शेवटच्या भेटीत संत अँथनीची एक गोष्ट सांगितली होती, अथनेशियसने लिहिलेल्या चरित्रातली. थडग्यात राहून अँथनी रात्रभर मोहांशी आणि भुतांशी झगडतो, अर्धमेला होतो, आणि शेवटी उजेड दिसतो तेव्हा विचारतो की प्रभू, तू सुरुवातीलाच का आला नाहीस? उत्तर येतं की मी इथेच होतो, तुझी झुंज पाहत होतो. मी साहेबांना म्हटलं, मला हे उत्तर आवडलं नाही. नुसतं पाहत काय बसायचं? ते म्हणाले, “मलाही आवडत नाही. पण तो बाहेर गेला होता असं तर म्हणाला नाही ना?” वर्षभराने ते वारले.

आता मी निवृत्त होऊन नगरलाच आहे. आठ ते अकराचा वेळ भरलेला असतो. ही आहे, नातवंडं आहेत, चर्चच्या गायकवृंदाची तालीम आहे. वयानेही बराच हातभार लावला, त्याचं श्रेय विश्वासाला देण्यात अर्थ नाही. तरी ही माहेरी गेली, घर रिकामं झालं, की हात कुठे जातो ते मला कळतं, आणि मी अजूनही मोठ्यानेच हाक मारतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जात असेल.

शिबिराला नकार दिल्यावर गायकवृंदातला एक तरुण घरी आला. इंजिनीअर, पुण्यात खोली घेऊन एकटा राहतो. मी का बोललो नाही असं त्याने विचारलं आणि मग बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत बसला. मी वरचं सगळं त्याला सांगितलं, बोंडअळीसकट. त्याने विचारलं, “काका, मग सुटतं कधी?”

“माझं अजून सुटलेलं नाही,” मी म्हटलं. “तुझ्या खोलीच्या आसपास ओटा आहे का?”

त्याच्याकडे ओटा नव्हता, दहाव्या मजल्यावरची खोली होती. तेव्हा त्याने रात्री मला फोन करायचा असं ठरलं. बहुतेक दिवस करतो. क्रिकेटवर बोलतो, ऑफिसातल्या साहेबाला शिव्या देतो. मधूनच थांबतो, तेव्हा मी विचारतो, “हाक मारलीस का?” कधी हो म्हणतो, कधी नाही. नाही म्हणाला तर आम्ही दोघं मिळून मारतो.